बॅलेचे बूट आणि प्रौढ पाऊल: मापांच्या घोळाची पार्श्वभूमी

बॅलेचे कपडे आणि बूट बनवणाऱ्यांचं गिऱ्हाईक शंभराहून अधिक वर्षं दोनच प्रकारचं होतं. एक म्हणजे शाळेने दिलेली यादी घेऊन दुकानात आलेली आई आणि तिची वाढत्या वयाची मुलगी. दुसरी, नाट्यगृहाच्या पगारावरची नर्तकी, जिच्या बुटांचं बिल नाट्यगृहच भरतं. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला धावणारी चाळिशीतली बाई किंवा पन्नाशीत पहिल्यांदा बारला, म्हणजे सरावाच्या दांडीला, हात लावणारे गृहस्थ या हिशेबात कुठेच नव्हते. आता ते आले आहेत, पैसे स्वतःच्या खिशातून देतात, आणि त्यांच्या तक्रारी जवळपास सारख्याच असतात. बूट लांबीला बसतो पण चवड्याला आवळतो. लिओटार्ड, म्हणजे धडाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, छातीला बरोबर होतो पण खांद्यात रुततो. पायांवर घट्ट बसणाऱ्या टाइट्सची मधली शिवण अर्ध्या तासात मांडीवर येते. यात शरीराचा दोष काढण्यात अर्थ नाही. माप घेतलं गेलं ते दुसऱ्याच कुणाचं.

फार मागे जाण्याचं कारण नाही. १६८१ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक स्त्रिया नाचू लागल्या तेव्हा त्यांच्या पायात टाचेचे बूट होते. अठराव्या शतकात टाच हळूहळू गेली, आणि १८३२ साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेमधली नायिका पायाच्या टोकावर उभी राहिली ती सॅटिनच्या मऊ सपातांवर, ज्यांचं टोक रफू करून थोडं घट्ट केलेलं असे. आज आपण ज्याला पॉइंट शू म्हणतो तो कडक टोकाचा बूट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकींबरोबर युरोपभर आणि रशियात पोचला. त्या काळी माप हा प्रश्नच नव्हता, कारण बूट शिवणारा आणि घालणारी बहुतेकदा एकाच गावात असत.

गोष्ट खरी सुरू होते ती दुकानांपासून. न्यूयॉर्कच्या ऑपेरा हाऊसजवळ १८८७ मध्ये एक चांभारी दुकान निघालं, लंडनला १९२९ मध्ये एक कारखाना, सिडनीत १९३२ मध्ये, पॅरिसच्या ऑपेराशेजारी १९४७ मध्ये. चारही व्यवसाय पुढे जगभर पसरले आणि आजच्या बाजाराचा बराच मोठा भाग त्यांचाच आहे. सुरुवातीचं बहुतेक काम जवळच्या नाट्यगृहांसाठी होतं. कारागीर आपापले लाकडी फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट शिवतात ते पावलाच्या आकाराचे साचे, वापरत आणि त्यांना आपापल्या पद्धतीने नंबर देत. आजच्या घोळाचं मूळ तिथे आहे.

पॉइंट शू कसा बनतो ते एकदा पाहिलं की फर्म्याचं महत्त्व कळतं. सॅटिनचा वरचा भाग उलटा करून फर्म्यावर ओढतात. टोकाशी गोणपाट, कागद आणि कापड यांचे थर खळीने एकावर एक चिकटवतात. तळाशी जमा झालेल्या चुण्या चिमटीत धरून मेणाच्या दोऱ्याने आवळून शिवतात. मग बूट सुलटा करायचा, टोक हातोडीने ठोकून आकाराला आणायचं आणि रात्रभर उबेत वाळवायचं. म्हणजे आतली पोकळी फर्मा आणि कारागिराचा हात हे दोघं मिळून ठरवतात. लंडनच्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची खूण तळव्यावर उमटवलेली असते, कुणाचं अक्षर, कुणाचा नांगर, कुणाचा मुकुट. मोठ्या नृत्यसंस्थेतली नर्तकी आपला कारागीर ठरवून घेते. टाच अमुक मिलिमीटर खाली कापा, बाजू जरा चढवा, तळातली पट्टी हलकी घ्या, अशा तिच्या सूचना कारखान्यात नोंदवलेल्या असतात. तो कारागीर निवृत्त व्हायचा झाला की तिची झोप उडते. दुकानाच्या फळीवरून बूट उचलणाऱ्या हौशी प्रौढाला यातलं काही मिळत नाही. त्याला मिळतो तो नंबर.

आणि हा नंबरच सगळ्यात मोठा घोळ आहे. त्यावर जरा थांबायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी ‘रोजच्या बुटापेक्षा दोन-तीन नंबर कमी घ्या’ एवढं सांगून विषय संपवतात.

इंग्रजी मोजणीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. मोजणी चार इंचांपासून सुरू होते, मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा १ पासून मोठ्यांचे नंबर लागतात. युरोपीय मोजणीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकन मोजणी इंग्रजीसारख्याच पायऱ्यांची, पण सुरुवात वेगळीकडून, त्यामुळे बायकांचा आकडा इंग्रजीपेक्षा साधारण दोनने पुढे पडतो. तिन्हींत मोजतात ते पाऊल नव्हे, फर्मा. रोजच्या बुटाचा फर्मा पावलापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो, बोटांना हलायला जागा म्हणून. बॅलेच्या बुटाला अशी जागा चालत नाही. तो पायमोज्यासारखा अंगाबरोबर बसला पाहिजे.

आता हिशेब करून पाहा. पाऊल २३ सेंटिमीटरचं आहे. रस्त्यावर वापरायच्या बुटाचा फर्मा साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे इंग्रजी ४ नंबर. बॅलेच्या फर्म्यात ही जादा जागा काढून टाकली की लांबी उरते २३, आणि त्याच मोजणीत तिचा नंबर येतो साधारण २. दोन नंबर उतरायला लागतात ते इथे. यात गूढ काही नाही, आणि पाय ‘लहान करून’ घालायचा असतो या समजुतीलाही आधार नाही. ती समजूत हौशी वर्गांमध्ये अजून ऐकू येते आणि तिच्यापायी लोक नखं काळीनिळी करून घेतात.

पण हा निम्मा उलगडा झाला. उरलेला निम्मा प्रत्येक कारखान्याच्या जुन्या फर्म्यांत अडकलेला आहे. एकीकडे तिसरा नंबर म्हणजे जी लांबी, ती दुसरीकडे साडेतीनला मिळते. रुंदीचं तर विचारूच नका. कुठे रुंदी ए, बी, सी, डी अशी अक्षरांनी सांगतात, कुठे एक्स, डबल एक्स, ट्रिपल एक्स अशी. एका कंपनीतला रुंद बूट दुसरीकडचा मध्यम निघतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही नंबर जुळेल याची खात्री नसते, कारण मॉडेल बदललं की फर्मा बदलतो.

यावर तोडगा नव्हता असं नाही. पावलाची लांबी आणि रुंदी सरळ मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या मापपद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक १९९१ मध्ये आलं. स्कीचे बूट त्या पद्धतीने विकले जातात, काही देशांची सैन्यदलंही ती वापरतात. बॅलेच्या बड्या उत्पादकांनी मात्र आपले नंबर सोडले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की लांबी-रुंदी हा बुटाचा फक्त एक भाग. टोकाच्या कडक कप्प्याची म्हणजे बॉक्सची उंची, त्याचा निमुळतेपणा, वरचं कापड बोटांवर किती येतं, तळातली पट्टी किती ताठ, हे सगळं जुळल्याशिवाय बूट बसत नाही, आणि मिलिमीटरचा आकडा दिला तर गिऱ्हाईक त्याच्याच भरवशावर राहील. शिवाय ज्या व्यावसायिक नर्तकींनी वीस वर्षं एकच नंबर सांगितला आहे, त्यांचा घोटाळा होईल तो वेगळाच.

युक्तिवाद खोटा नाही. पण तो जिच्या दिमतीला अनुभवी फिटर आहे तिच्यासाठी खरा आहे. समोर बसून पाय दाबून बघणारा, प्लिए करायला, म्हणजे गुडघे वाकवायला, लावून अंगठा टोकाला टेकतो का आणि टोकावर चढल्यावर टाचेशी कापड किती सुटतं हे पाहणारा माणूस असला, तर नंबर कुठलाही चालेल. अशी दुकानं मोठ्या शहरांतच होती आणि आहेत. बाकीच्यांनी घरबसल्या मागवायला सुरुवात केल्यावर नंबर समजून घेण्याचं काम दुकानदाराकडून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आलं, आणि त्या कामासाठी लागणारी माहिती मात्र कारखान्यातच राहिली. फर्म्याची आतली लांबी मिलिमीटरमध्ये छापायला खर्च किती येतो, हा प्रश्न हौशी मंडळी विचारतात तो रास्तच म्हणायला हवा.

प्रौढ पावलाची त्यात आणखी गुंतागुंत. मुलीचं पाऊल मऊ असतं, दाबलं तर दबतं. चाळिशीतलं पाऊल बाळंतपणात लांब आणि थोडं चपटं झालेलं असू शकतं, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं असतं, दोन पायांत फरक असतो, आणि संध्याकाळी ते सकाळपेक्षा सुजलेलं असतं. प्रौढांचे वर्ग बहुतेक संध्याकाळीच भरतात, म्हणून माप सकाळी घेऊन उपयोग नाही. उलट ज्यांचं पाऊल लहान आहे त्यांना मुलांच्या विभागातून घ्यावं लागतं, आणि तिथल्या सपाता बऱ्याचदा अखंड तळव्याच्या, ताठ चामड्याच्या असतात. मोठ्यांच्या सपातांत १९८० च्या दशकापासून मधे दुभागलेला तळवा रुळला. अलीकडे चारी बाजूंनी ताणलं जाणारं कॅनव्हास आलं आणि मऊ सपातांचा प्रश्न पुष्कळ सोपा झाला. पॉइंट शूचा तितका नाही, जरी १९९३ पासून न्यूयॉर्कमध्ये खळ-कागदाऐवजी लवचीक प्लास्टिकचा गाभा असलेले बूट निघू लागले. ते ओलसर होऊन लवकर मऊ पडत नाहीत, त्यामुळे एका जोडीवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या हौशींना परवडले. जुन्या वळणाचे शिक्षक अजून नाक मुरडतात.

कपड्यांचा इतिहास त्या मानाने लहान आहे. रेशमी आणि लोकरी टाइट्स गुडघ्याशी सुरकुतायच्या. नायलॉन १९४० च्या सुमारास बाजारात आलं आणि १९५८ मध्ये लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा शोध लागला, त्यानंतर कपडा अंगाला चिकटून राहू लागला. लायक्रामुळे एक आळसही आला. कापड ताणतंच आहे तर मापं चार पुरेत, असं उत्पादकांनी धरलं. लिओटार्डमध्ये निर्णायक माप छातीचं किंवा कमरेचं नसतं. खांद्यावरून पुढे खाली, मांड्यांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर, असा टेप फिरवून येणारा धडाचा घेर खरा. छाती ३६ इंच असलेल्या दोन बायकांपैकी एक पाच फूट दोन इंच आणि दुसरी पाच फूट सात इंच असेल, तर दोघींना एकच ‘मीडियम’ बसणार नाही. उंच बाईच्या खांद्यावर वळ उठतील आणि बुटकीच्या पोटाशी कापड गोळा होईल. मुलींच्या लिओटार्डला अस्तर नसलं तरी चालतं. तोच साचा मोठा करून बायकांना विकला की छातीला आधार कशाचा, हा विचार राहून जातो. पुरुषांची अडचण वेगळी: त्यांच्या मोठ्या नंबरांच्या सपाता काळ्या-पांढऱ्यात कशाबशा मिळतात आणि कपड्यांना दोन-चार मॉडेलांपलीकडे पर्याय नसतो.

रंगाचाही उल्लेख करायला हवा. गुलाबी टाइट्स आणि गुलाबी बूट म्हणजे पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून ठरवलेला गोऱ्या कातडीचा रंग. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय नृत्यसंस्थेने १९७४ मध्येच आपापल्या वर्णाच्या टाइट्स आणि बूट घालायला सुरुवात केली. बाकीच्यांनी पुढची चाळीसेक वर्षं मेकअपचा फाउंडेशन बुटांना थापून काम भागवलं. कारखान्यातून तयार तपकिरी पॉइंट शू २०१७-१८ मध्ये निघाले. आपल्याकडच्या सावळ्या पायांनाही ते चालतात.

प्रौढांची गर्दी ही ताजी गोष्ट. लंडनच्या एका जुन्या नृत्यशिक्षण संस्थेने २०१७ मध्ये ५५ वर्षांपुढच्यांसाठी खास वर्ग आखले आणि ते अनेक देशांत पोचले. २०२० मध्ये टाळेबंदीत लोक घरच्या खुर्चीला धरून शिकू लागले, दुकानं बंद असल्याने फिटिंगही व्हिडिओवर होऊ लागलं. सोयीचं असलं तरी पाय दाबून बघता येत नाही. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशियन बुटांची युरोप-अमेरिकेतली वाट अवघड झाली आणि ज्यांचं पाऊल त्यांच्या फर्म्यावर जमलं होतं त्यांना पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागला.

मुंबईत बॅलेची शाळा १९६६ पासून आहे. नवी मुंबईचा एक मुलगा २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला, त्यानंतर शहरात बॅलेची चर्चा वाढली. बुटांचं मात्र अजून परदेशावरच भागतं. इथल्या पावलांचा प्रश्नही वेगळा आहे. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ दरम्यान चेन्नईच्या सरकारी चामडे संशोधन संस्थेने देशभर ७९ ठिकाणी लाखावर लोकांची पावलं मोजली, त्यात भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद निघालं. त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. ती रोजच्या पादत्राणांसाठी आहे. बॅलेचा फर्मा त्यात येत नाही, म्हणजे अरुंद युरोपीय फर्म्यात रुंद पाऊल बसवायचं काम आहे तसंच आहे.

लंडन किंवा दुबईच्या नातेवाइकाकडून बूट मागवणारे हल्ली कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढतात आणि फोटो पाठवतात. लांबी-रुंदी त्यावर उमटते, चवड्याची जाडी उमटत नाही, आणि बॉक्सची उंची त्या जाडीवरच ठरते. म्हणून कागदाबरोबर चवड्याभोवती टेप फिरवून घेतलेला घेरही कळवावा, आणि बूट आल्यावर आधी गालिच्यावर उभं राहून बघावं. रिबन शिवली किंवा तळवा फरशीला घासला, की दुकान तो परत घेत नाही.