वसाहतकालीन अमेरिकी कुळांचा शोध : जमीन व प्रोबेट दप्तरे

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील इंग्रजी वसाहतींत (१६०७–१७७६) स्थायिक झालेल्या घराण्यांच्या पिढ्या जमिनीचे दस्त, मृत्युपत्रे आणि वारसाहक्काच्या कोर्टातील कागदांवरून जुळवण्याची पद्धत. उत्तरेकडील न्यू इंग्लंडमधील गावे जन्म-मृत्यूच्या नोंदी बऱ्यापैकी ठेवत. व्हर्जिनियासारख्या दक्षिणेकडील वसाहतींत मात्र जन्म-विवाहांचा भरवसा चर्चच्या वह्यांवर, आणि त्यांतल्या फार थोड्या उरल्या. उलट जमिनीचे कागद लोकांनी जिवापाड जपले. व्हर्जिनियात १६१८ पासून स्वखर्चाने समुद्रापार आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. त्यामुळे सही म्हणून फुली मारणाऱ्या शेतकऱ्याचे नावही दस्तांत सापडू शकते.

वसाहतीकडून मिळालेली पहिली जमीन म्हणजे पट्टा, आणि त्यापुढची खरेदी-विक्री काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दस्तांच्या पुस्तकात. जमिनीचे वर्णन चतुःसीमेने होई : ओढ्याकाठच्या खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पोल, तिथून शेजाऱ्याच्या हद्दीने पुन्हा ओढ्यापर्यंत. एक पोल साडेसोळा फुटांचा. आपल्याकडे एकराचे ४० गुंठे, तिथे १६० चौरस पोल. ही वर्णने कागदावर आखून शेजारचे तुकडे एकमेकांना जोडले की वस्तीचा नकाशा उभा राहतो. लग्ने बहुधा शेजारीपाजारीच होत, म्हणून सुनेचे माहेर कुठे शोधायचे हेही त्यावरून कळते.

खरी माहिती पुष्कळदा नसलेल्या कागदातून मिळते. एखाद्याने २०० एकर विकले, पण ते विकत घेतल्याचा दस्त किंवा पट्टा कुठेच नाही, तर जमीन त्याला वारशाने किंवा बायकोकडून आली असण्याचा संभव मोठा. मग त्या जमिनीचा आधीचा मालक शोधायचा. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर १७८५ च्या कायद्याने बदल होईपर्यंत सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये ती सर्व मुलांत वाटली जाई आणि थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. त्यामुळे व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसले, किंवा त्याला एक शिलिंगच ठेवला असला, तरी बापाने त्याला टाकले असे लगेच समजू नये. मृत्युपत्रात न आलेली जमीन कायद्यानेच त्याला मिळे, किंवा त्याचा वाटा आधीच दिलेला असे.

पतीच्या जमिनीत विधवेला हयातभर तिसरा हिस्सा असे. जमीन विकताना बायकोने तो हक्क सोडावा लागे आणि नवऱ्याच्या दडपणाखाली तर नाही ना, हे तिला बाजूला घेऊन विचारले जाई. या रिवाजामुळे अनेक बायकांची नावे केवळ दस्तांतच उरली आहेत. दोन विक्रीखतांत नवरा तोच आणि बायकोचे नाव वेगळे, तर मधल्या काळात दुसरे लग्न झालेले असते. नवशिक्याची फसगत होते ती जोडदस्ताने. पहिल्या दिवशी पाच शिलिंगांना वर्षभराचे भाडेपत्र, दुसऱ्या दिवशी खरी किंमत घेऊन मालकी सोडल्याचा दस्त. हा एकाच विक्रीचा कायदेशीर खटाटोप. फक्त पहिला कागद वाचणारा मालकाला कूळ ठरवून बसतो.

प्रोबेट हा शब्द मुंबईतल्या मृत्युपत्रांमुळे मराठी वाचकाच्या कानावरचा आहे. मूळ इंग्रजी पद्धत तीच. मृत्युपत्र कोर्टात शाबीत होई आणि ते नसल्यास प्रशासक नेमून त्याच्याकडून जामीनखत घेत. मग तीन-चार शेजारी पंच म्हणून घरात शिरत आणि खोलीमागून खोली फिरत पिसांची गादी, लोखंडी भांडे, फुटका आरसा, ‘जुन्या पुस्तकांचा ढीग’ अशी यादी करून किंमत लावत, कधी पौंड-शिलिंगांत तर कधी तंबाखूच्या वजनात. वंशावळीसाठी मात्र यादीपेक्षा शेवटचा वाटपाचा हिशेब मोलाचा. लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावाने तिथेच भेटतात.

नात्यांचे शब्द जपून वाचावेत. आपण पुतण्या आणि भाचा यांतही फरक करतो. या कागदांत ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो, आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. सीनियर-ज्युनियर हे बापलेकच असतील असे नाही, एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोघांतले ते थोरले-धाकटे. तारखांचाही घोळ आहे : १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून कागदावरचा फेब्रुवारी १६५५ हा आपल्या हिशेबाने १६५६ चा.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यात हे सारे एकत्र पाहायला मिळते. त्याचा पणजोबा जॉन १६५७ मध्ये व्हर्जिनियात आला. १६७४ मध्ये जॉन आणि निकोलस स्पेन्सर यांना पोटोमॅक नदीकाठी लिटल हंटिंग क्रीकपाशी ५,००० एकर मिळाले. जॉनचा अर्धा वाटा मृत्युपत्राने मुलगा लॉरेन्सकडे गेला. १६९० मध्ये दोन्ही घराण्यांत वाटणी झाली, लॉरेन्सच्या मृत्युपत्राने जमीन मुलगी मिल्ड्रेडला मिळाली आणि तिने १७२६ मध्ये ती भाऊ ऑगस्टीनला, म्हणजे जॉर्जच्या वडिलांना, १८० पौंडांना विकली. हाच पुढचा माउंट व्हर्नन, जॉर्ज वॉशिंग्टनचा मळा. जमीन जागची हलली नाही, काउंटी मात्र बदलत गेली : स्टॅफर्ड, १७३१ पासून प्रिन्स विल्यम, १७४२ पासून फेअरफॅक्स. हे ठाऊक नसलेला माणूस चुकीच्या कचेरीत दिवस घालवतो.

जॉनचे इंग्लंडमधले मूळ मात्र बराच काळ चुकीचे मानले जात होते. १७९० च्या दशकात आयझॅक हर्ड या राजदरबारी वंशावळकाराने त्याला इंग्लंडमधल्या सलग्रेव्ह गावच्या लॉरेन्स वॉशिंग्टनचा मुलगा ठरवले. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी आपण या विषयाकडे फारसे लक्ष दिलेले नाही असे १७९२ मध्ये हर्डला कळवले होते. १८६६ मध्ये वंशावळीचा अभ्यासक जोसेफ चेस्टरने दाखवून दिले की तो मुलगा सर किताब मिळालेला वेगळाच जॉन होता. पुढे हेन्री वॉटर्स या अभ्यासकाला इंग्लंडच्या प्रोबेट कागदांत खरा धागा सापडला. इंग्लंडमधल्या ट्रिंग येथे वारलेल्या अँफिलिस वॉशिंग्टन हिच्या मालमत्तेचे प्रशासनपत्र फेब्रुवारी १६५५ मध्ये, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे १६५६ मध्ये, तिचा ‘नॅचरल अँड लॉफुल’ मुलगा जॉन याला दिलेले होते. इथे नॅचरलचा अर्थ अनौरस नव्हे, पोटचा.

दप्तरे नष्ट होणे हे या कामातले मोठे दुखणे. अमेरिकी यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी आपली पुस्तके सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली आणि ३ एप्रिल १८६५ च्या आगीत नेमकी तीच जळाली. लँड ऑफिसातली पट्ट्यांची पुस्तके वाचली. ‘जळक्या काउंट्यां’तल्या घराण्यांचा शोध म्हणूनच तिथून सुरू होतो.

गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांना पूर्वज शोधायचे तर बहुधा मालकाच्या मालमत्तेच्या यादीतच शोधावे लागतात. १७०५ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले. यादीत गुरांच्या आगेमागे फक्त पहिले नाव आणि किंमत येते. आई-मूल एका ओळीत असेल तर ते नशीब. जॉर्ज वॉशिंग्टनची बायको मार्था हिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला, त्यामुळे त्याच्या गुलामांतला तिसरा हिस्सा तिला हयातभरापुरता मिळाला. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्राने स्वतःच्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद केली, पण या हिश्शातल्या १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याच वर्षी त्याने केलेल्या यादीत कोणाची जोडीदारीण कोणत्या शेतावर आहे हेही नोंदले आहे, आणि काही जोडपी या दोन हिश्शांत विभागलेली दिसतात. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर कस्टिस हिश्शातले लोक तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. त्यांच्या वंशजांचा माग तिथून पुढे चार वेगवेगळ्या घराण्यांच्या कागदांत काढावा लागतो.