किमान रेषांचं प्राणी-रेखाचित्र (पेन्सिल)

पेन्सिलच्या मोजक्या रेषांत प्राणी उभा करायचा, शेडिंग नाही, अंगावरचे केस नाहीत, मागे झाड-डोंगर नाही, असा हा चित्रप्रकार. वहीतलं कच्चं स्केच आणि पूर्ण चित्र यातली सीमा इथे पुसटच असते.

साधन : हा प्रकार पेन्सिलीतच इतका खुलतो त्याला कारण आहे. आधीच्या काळात चांदीच्या तारेने रेखाटायचे, पण ती रेषा दाबाने फारशी जाड होत नाही आणि सहज खोडताही येत नाही. ग्रॅफाइट (पेन्सिलीतलं काळं शिसं) मात्र हाताचा दाब जसाच्या तसा उचलतं. इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या ग्रॅफाइटचा शोध 1564 चा असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, वादळात झाड पडलं आणि मुळाखाली काळा दगड दिसला ही गोष्टही सोबत येते, पण झुरिकच्या गेस्नर या निसर्गअभ्यासकाने 1565 मध्येच लाकडात बसवलेल्या पेन्सिलीचं चित्र छापलंय, म्हणजे एका वर्षात खाण सापडून वस्तू तिथवर पोचली हे जरा अवघड वाटतं, शोध त्याआधीचा धरणं जास्त पटतं. तिथले धनगर हे ग्रॅफाइट मेंढ्यांवर खुणा करायला वापरायचे असंही सांगतात. पुढे 1795 मध्ये फ्रान्सच्या काँतेने ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून ती भाजली, माती जास्त तर शिसं कडक, आणि मग हवी तशी कडक-मऊ पेन्सिल मिळायला लागली.

पूर्वपरंपरा : नुसत्या बाह्यरेषेतला प्राणी अर्थात पेन्सिलीपेक्षा खूप जुना. फ्रान्सच्या रूफिन्याक गुहेतले काळ्या रेषेतले मॅमथ आहेत, आपल्याकडे रत्नागिरीजवळ उक्षीचा कातळात खोदलेला हत्ती आहे. कोकणच्या कातळशिल्पांना काहीजण मध्याश्मयुगापर्यंत (शेतीच्या आधीच्या, दगडी हत्यारांच्या काळापर्यंत) मागे नेतात, पण खोदलेल्या रेषेचं थेट वय काढणं कठीण, त्यामुळे आकडा जपूनच घ्यावा. जपानमध्ये कमी रेषांत चित्र शिकवणारी पुस्तकं केइसाई या चित्रकाराने 1795 पासून काढली, होकुसाईचं 1812 चं, तरी नाव होकुसाईचंच जास्त होतं, हे केइसाईवर अन्यायाचं आहे. पिकासोने 1945-46 मध्ये बैल टप्प्याटप्प्याने मोजक्या रेषांवर आणला, ते उदाहरण नेहमी देतात, पण तो लिथोग्राफ आहे, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, पेन्सिलीचं नाही.

गोदिए-ब्रेझ्का (1891-1915) : या प्रकारात सगळ्यात आधी याची चित्रं बघावीत. मूळचा फ्रेंच शिल्पकार, लंडनच्या प्राणीसंग्रहालयात हरणं, पक्षी, वाघ-सिंह झरझर काढायचा, शाईत आणि पेन्सिलीतही. पहिल्या महायुद्धात 23 व्या वर्षी गेला. शिल्पकार असल्यामुळे असेल, पण त्याच्या एका रेषेत प्राण्याचं वजन कळतं.

आस्वाद : रेषा किती कमी आहेत हे मोजत बसू नये, उरलेल्या रेषा कुठे आहेत ते बघावं. मानेपासून शेपटीपर्यंतची पाठ एका दमात आलीय का, की घाबरत तुकड्यातुकड्याने? जमिनीवर टेकलेल्या पायाशी दाब वाढलाय का? कुत्र्या-घोड्याच्या मागच्या पायात जो उलटा गुडघा वाटतो ती खरं तर टाच असते, ती जागा चुकली की बाकी कितीही डौलदार असो, प्राणी उभा राहात नाही. आणि रेषा मधेच सोडून दिलेली असते तिथे थांबावं, पोटाची रेषा नाही तरी पोट दिसतंय म्हणजे चित्रकाराला शरीर नीट माहीत होतं. मांजर झोपलेलं असेल तर डोळेसुद्धा लागत नाहीत.

छापील प्रतीत किंवा मोबाईलवर हा दाब सपाट होतो, ग्रॅफाइटची चमकही जाते, त्यामुळे शक्य असेल तर मूळ कागद बघावा. गोदिएची बरीच चित्रं इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलासंग्रहालयात आहेत.