कॅलेंडर उपलब्धता तपासणी

कॅलेंडर उपलब्धता तपासणी : मीटिंग ठरवताना निमंत्रितांची डिजिटल कॅलेंडरे एकत्र पाहून कोण केव्हा मोकळा आहे आणि कोण व्यग्र आहे, हे दाखवणारी सॉफ्टवेअरमधील सोय. आउटलुकमध्ये ती ‘शेड्युलिंग असिस्टंट’ या नावाने आणि गुगल कॅलेंडरमध्ये ‘फाइंड अ टाइम’ या नावाने भेटते. ऑफिसात मात्र कोणी ही नावे घेत नाही; ‘त्यांचं कॅलेंडर बघ आणि इन्व्हाइट टाक’ एवढेच म्हणतात. या सोयीबद्दल सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट अशी, की तिला माणसाचा वेळ दिसत नाही, त्याने केलेल्या नोंदी दिसतात. ज्या तासाला नोंद नाही, तो तास तिच्या लेखी मोकळा.

एखाद्याचे कॅलेंडर उघडून वाचणे आणि त्याची उपलब्धता पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपलब्धतेत मीटिंगचा विषय, ठिकाण, सोबतची माणसे यांतले काहीही येत नाही. अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत व्यग्र, एवढेच येते. ही विभागणी जुनी आणि विचारपूर्वक केलेली आहे. कॅलेंडरांची देवाणघेवाण करण्याचे आयकॅलेंडर हे प्रमाण १९९८ मध्ये आरएफसी २४४५ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) प्रसिद्ध झाले, २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. त्यात कार्यक्रमाच्या नोंदीखेरीज ‘व्हीफ्रीबिझी’ हा स्वतंत्र घटक आहे. मोकळा, व्यग्र, अनुपलब्ध आणि तात्पुरता राखलेला असे काळाचे चार प्रकार त्यात सांगता येतात. शिवाय प्रत्येक कार्यक्रम ‘अपारदर्शक’ की ‘पारदर्शक’, म्हणजे तो वेळ अडवतो की नाही, हेही नोंदवता येते. वाढदिवसाची आठवण पारदर्शक ठेवली, तर त्या दिवशी मीटिंग ठेवायला आडकाठी येत नाही. याची उलट बाजू त्रासदायक आहे. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद मुळात ‘मोकळा’ म्हणून धरली जाते. रजा अशी टाकली आणि तो पर्याय बदलायचा राहिला, तर रजेवरचा माणूस सगळ्यांना दिवसभर मोकळा दिसतो.

मागचे गणित सोपे आहे. कामाची वेळ ९ ते ६ धरू. पहिल्याच्या दोन मीटिंगा १० ते ११:३० आणि ११ ते १२, दुसऱ्याच्या ९ ते ९:३० आणि ३ ते ४, तिसऱ्याच्या १२ ते १ आणि ४ ते ५:३०. सर्व नोंदी सुरुवातीच्या वेळेनुसार लावायच्या आणि एकमेकांवर चढलेल्या किंवा टेकलेल्या नोंदी जोडत जायचे. हाती तीन व्यग्र पट्टे येतात : ९ ते ९:३०, १० ते १ आणि ३ ते ५:३०. उरलेले मोकळे. तासाभराची मीटिंग बसेल अशी जागा एकच, १ ते ३. म्हणजे ऐन जेवणाची वेळ. जेवण कोणीच कॅलेंडरात लिहिलेले नाही, म्हणून साधन निःशंकपणे ती वेळ सुचवते.

ही बेरीज-वजाबाकी कोणी करायची, हे प्रत्येक सेवेत निराळे. गुगलच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामांनी माहिती मागण्याच्या सोयीला) कॅलेंडरांची यादी आणि कालमर्यादा दिली की उत्तरात फक्त व्यग्र कालखंड येतात. मोकळे आपण काढायचे. मायक्रोसॉफ्टची सेवा आकड्यांची एक ओळ पाठवते, त्यात दर आकडा एका तुकड्याचा. अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी ९ ते १ ची ओळ ‘००२२०१०३’ अशी आली, तर १० ते ११ व्यग्र, ११:३० ते १२ तात्पुरते राखलेले आणि १२:३० पासून माणूस ऑफिसबाहेर. अकराला संपणारी आणि अकराला सुरू होणारी मीटिंग एकमेकींना छेदत नाहीत, कारण शेवटचा क्षण कालखंडात धरत नाहीत. गणिताला हे मान्य आहे; एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत जाणाऱ्या माणसाला मात्र मध्ये पाच मिनिटे लागतातच.

खरी अडचण घड्याळांची. अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळे तासभर पुढे करणे) मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. त्या काळात दर आठवड्याची मीटिंग एका गावाच्या घड्याळाला बांधलेली असेल, तर दुसऱ्या गावात ती तासभर सरकते आणि तिथल्या दुसऱ्या नोंदीवर जाऊन बसते. म्हणून पुनरावृत्त मीटिंग साठवताना नुसता तासांचा फरक पुरत नाही, वेळक्षेत्राचे नाव साठवावे लागते.

माहिती ताजी असणे हाही प्रश्न होताच. आउटलुक आपली उपलब्धता पूर्वी सामाईक फोल्डरमध्ये नेऊन ठेवत असे : मुळात दर १५ मिनिटांनी, आणि पुढच्या दोन महिन्यांपुरतीच. आत्ता स्वीकारलेली मीटिंग त्यामुळे इतरांना लगेच दिसत नसे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज २००७’ या मेल-सर्व्हरपासून थेट कॅलेंडरातूनच विचारणा होऊ लागली. सर्व्हरवरची कॅलेंडरे वाचण्या-लिहिण्यासाठी २००७ मध्ये आलेल्या कॅलडॅव्ह प्रमाणाने (आरएफसी ४७९१) फक्त व्यग्र काळ वाचण्याची परवानगी वेगळी केली. तरीही तपासणे आणि राखणे यांत क्षणाचे अंतर उरतेच. दोघांनी एकच मोकळा स्लॉट पाहिला, तर नोंद करण्याच्या क्षणी पुन्हा तपासल्याशिवाय दुहेरी बुकिंग टळत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या कॅलेंडलीसारख्या सेवा मोकळ्या वेळांची लिंक बाहेरच्या कोणालाही देतात, तिथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

संगणकशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच आपोआप मीटिंग ठरवणाऱ्या प्रणालींच्या वर्मावर बोट ठेवले होते : मीटिंग बोलावणाऱ्याचा फायदा होतो, आणि कॅलेंडर नीट ठेवण्याचे कष्ट बाकीच्यांवर पडतात. आज कॅलेंडर बहुतेकांच्या खिशात आहे, पण हा असमतोल गेलेला नाही. लिहिण्या-वाचण्याचे, विचार करण्याचे तास कोणी नोंदवत नाही आणि म्हणून तेच आधी जातात. त्यावर लोकांनी स्वतःच उपाय काढला : कॅलेंडर ‘ब्लॉक’ करणे, म्हणजे स्वतःच्या कामाचे तास आधीच नोंदवून अडवणे. काही जण यालाच नावे ठेवतात. पण साधनाला नोंदीखेरीज दुसरी भाषाच कळत नसेल, तर आपले काम त्या भाषेत मांडणे हा कोणाचाही हक्क आहे. नेहमीच्या कामाच्या वेळा एकदाच सांगून ठेवण्यासाठी २०१६ मध्ये आरएफसी ७९५३ हे प्रमाणही आले.

वरच्या उदाहरणातल्या तिघांपैकी एकाने १ ते २ ‘जेवण’ अशी नोंद केली, की साधन २ ते ३ सुचवते.