लिनक्सवर पिक्चर धुरकट का दिसतो

भुसावळला घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आप्पांना पिक्चर बघता यावेत म्हणून, आणि पहिल्याच दिवशी प्ले दाबलं तर नुसतं गोल फिरत राहिलं, मग मेसेज आला की हा व्हिडिओ इथे चालणार नाही. फायरफॉक्स ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डीआरएमची, म्हणजे पिक्चरची कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या डिजिटल कुलपाची, टिक मारली, एक फाईल डाउनलोड झाली, पिक्चर सुरू. पण आप्पा लगेच म्हणाले, "मोबाईलवर चांगलं दिखस, आठे काबरं धुरकट?" नेट तेच, अकाउंट तेच, पैसेही भरलेले.

ती फाईल म्हणजे वाइडवाइन, हे कुलूप उघडणारा प्रोग्राम, तो बनवणारी त्याच नावाची कंपनी 2010 मध्ये गूगलने घेतली. व्हिडिओ येतो तोच कुलूपबंद, किल्ली वेगळ्या सर्व्हरवरून, म्हणजे सावद्याहून केळीचा डबा कुलूप लावून निघावा आणि किल्ली मागून दुसऱ्या गाडीने यावी तसं. फक्त किल्ली देण्याआधी सर्व्हर बघतो की ही ठेवणार कुठे. बऱ्याच मोबाईलच्या चिपमध्ये एक बंद कप्पा असतो, कुलूप तिथेच उघडतं आणि चित्र तिथूनच स्क्रीनवर जातं, खुद्द अँड्रॉइडलाही मधे डोकावता येत नाही, याला एल वन म्हणतात. डेस्कटॉप लिनक्सवर हे सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये, तो एल थ्री. आणि लिनक्सवर मालक मीच, सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नलसुद्धा बदलू शकतो, म्हणजे उघडलेलं चित्र वाटेत पकडता येईल, म्हणून बऱ्याच सर्व्हिस अशा मशीनला भारी क्वालिटीची किल्लीच देत नाहीत. लॅपटॉप कितीही दमदार असू द्या.

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम, ती वापरणाऱ्यांचं तर अजून अवघड, त्यांच्यासाठी वाइडवाइन बनतच नाही, लिनक्सचा ब्राउझर जुगाड करून चालवावा लागतो.

हे दुखणं जुनंच आहे. डीव्हीडीलाही 40 बिटचं कुलूप होतं आणि लिनक्ससाठी अधिकृत प्लेअर नव्हता. 1999 मध्ये ते कुलूप उघडणारा डीसीएसएस प्रोग्राम आला, त्यात नॉर्वेचा 15 वर्षांचा योन लेक योहानसन होता, त्याच्यावर खटला चालला आणि 2003 मध्ये तो निर्दोष सुटला, विकत घेतलेली डीव्हीडी बघणं हा गुन्हा नाही असं कोर्टाने धरलं.

मला राग याचाच येतो की 2019 मध्ये एका संशोधकाने एल थ्री तोडल्याचं जाहीर केलं, म्हणजे चोरणाऱ्याला वाट सापडतेच, धुरकट चित्र मात्र पैसे भरून बघणाऱ्याच्या वाट्याला. आप्पा आता मोबाईल तांब्याला टेकवून बघतात, चष्मा लावून, आणि शेजारी पंधरा इंची स्क्रीन बंद पडलेली असते.