यजमानाच्या नावाचे विषाणू

इंदूर परिसरात हरभरा घेणाऱ्यांना ‘एचएएनपीव्ही’ ही अक्षरे विषाणूपासून बनवलेल्या जैविक कीडनाशकाच्या बाटलीवरून परिचित असतात. त्यांतली पहिली दोन घाटे अळीच्या, म्हणजे इकडच्या बोलण्यातल्या ‘इल्ली’च्या, शास्त्रीय नावाची आद्याक्षरे आहेत, उरलेली विषाणूच्या प्रकाराची. बॅक्युलोव्हायरसांच्या, म्हणजे कीटकांना लागणाऱ्या अशा विषाणूंच्या कुलाच्या, वर्गीकरणातील बहुतेक गोंधळाचे मूळ याच पद्धतीत, विषाणूला यजमान (ज्याला तो लागतो त्या) कीटकाचे नाव देण्यात, आहे.

आरंभीची विभागणी विषाणुकणांना वेढणाऱ्या, सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या प्रथिनस्फटिकांवरून झाली: बहुफलकी स्फटिकात अनेक विषाणुकण, तर बारीक कणीत बहुधा एकच. स्फटिक न बनवणारे विषाणूही काही काळ याच कुलात होते. विषाणू-वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या १९९५ च्या अहवालात ते वगळले गेले.

यजमाननामाची अडचण मात्र टिकून राहिली. घाटे अळीची प्रजात (अनेक जातींचा गट, ‘जीनस’) ‘हेलिओथिस’मधून ‘हेलिकोव्हर्पा’ झाली, तेव्हा विषाणूचेही नाव बदलावे लागले, जरी विषाणूत काहीच बदललेले नव्हते. अमेरिकेतील मक्याच्या कणसावरील तिच्या भाऊबंद अळीतून मिळालेल्या विषाणूची नोंद वेगळ्या नावाने झाली होती. जनुकक्रम जुळल्यावर दोन्ही एकाच जातीत धरले गेले. याउलट, १९९४ मध्ये ज्याचा सुमारे १,३४,००० बेसजोड्यांचा (डीएनएच्या घटकजोड्यांचा) संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला, तो ‘ऑटोग्राफा कॅलिफोर्निका’ या पतंगाच्या नावाचा विषाणू तीसहून अधिक जातींच्या अळ्यांना लागतो. ज्या अळीत तो प्रथम सापडला तिच्याशी त्याचे विशेष नाते आहेच, असे नाही.

२००६ मध्ये मांडलेल्या आणि पुढे मान्य झालेल्या चार प्रजातींच्या रचनेने जुना पाया हलवला. फुलपाखरे व पतंगांचे बहुफलकी विषाणू ‘अल्फा’त, कणीवाले ‘बीटा’त आले. करवती माश्यांचे ‘गॅमा’त आणि डासांचे ‘डेल्टा’त गेले, कारण स्फटिक सारखे दिसत असले तरी पतंगांचे दोन्ही गट परस्परांना अधिक जवळचे ठरले. जात ठरवण्यासाठी तीन जनुकांतील अंतर, म्हणजे त्यांच्या क्रमांतील फरकाचे प्रमाण, मोजण्याची सूचना आली: ०.०१५ पेक्षा कमी असल्यास जात एक, ०.०५ पेक्षा जास्त असल्यास वेगळी. मधल्या पट्ट्यात यजमानांची व्याप्ती वगैरे इतर पुरावा पाहावा लागतो. म्हणजे ज्या यजमानाला मागच्या दाराने घालवले, तो पुढच्या दाराने परत येतो.

अलीकडे जातींना द्विनाम पद्धतीची, म्हणजे प्रजात व जात अशा दोन शब्दांची, नावे मिळाली आहेत. त्यानुसार कॅलिफोर्निकाचा विषाणू ‘अल्फाबॅक्युलोव्हायरस ऑकॅलिफोर्निके’ झाला असून, या नावातही त्या पतंगाची अक्षरे शिल्लक आहेत.