रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणून तोंडही नॉर्मल?

हर्णैपासून मालवणपर्यंत एक समज पक्का बसलाय: ‘रक्त तपासलं, सगळं नॉर्मल, म्हणजे तंबाखू बाधली नाही.’ साफ चूक. हिमोग्लोबिन-साखरेच्या रिपोर्टात गालाच्या आतला चट्टा दिसणार कसा? एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम), सियालिक ॲसिड (साखरेसारखा एक घटक) यांसारख्या रक्तातल्या खुणांवर संशोधन सुरू आहे. तोंडाच्या कर्करोगात त्या वाढलेल्या आढळतात खऱ्या. पण एलडीएच यकृताच्या दुखण्यातही वाढतं. त्यामुळे लवकर निदानासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. महागडं ‘कॅन्सर पॅकेज’ घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

त्यापेक्षा डॉक्टरांसमोर तोंड उघडा. केरळातल्या मोठ्या अभ्यासात (२००५) तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये नुसत्या नजरेच्या तपासणीनं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. तंबाखूचा बार जिथं धरता, ती जागा आधी दाखवा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कालवणाचं तिखट अचानक झोंबणं, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. संशय आल्यास तुकडा काढून तपासतात. निदान पक्कं होतं ते त्यानंच.

आणि मशेरी लावणाऱ्या मावश्यांनो, ‘आम्ही कुठं तंबाखू खातो’ म्हणू नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तपासणी तुमचीही व्हायला हवी.