उपकारस्तुती : एका शब्दाची पार्श्वभूमी

नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत मूल आजारातून उठलं किंवा नवं घर झालं की 'उपकारस्तुती' ठेवतात. चार शेजारी येतात, पेटी निघते, गाणी होतात, प्रार्थना होते. हल्ली शहरातल्या काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, त्याला सरळ 'थँक्सगिव्हिंग' म्हणतात आणि तरुण मंडळी 'कृतज्ञता' पसंत करतात. जुना शब्द नकोसा का झाला, यावर अधूनमधून वाद होतो. त्या वादामागचं थोडं.

मराठीत ख्रिस्तभक्ती काव्यातून मांडण्याची परंपरा गोव्यातली. 1616 साली राशोल इथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेलं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगताना त्याला 'पुष्पांमाजी पुष्प मोगरी' सुचली, एवढं इथे पुरे. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि तो धागा विरला.

खरी गोष्ट नगरची. कवी ना. वा. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची पाच वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, मग त्याही ख्रिस्ती झाल्या. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक म्हणत. त्यांच्या भजनांत आणि अभंगांत ते जागोजाग दिसतं. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या शेजारी ही भजनं ठेवली की फरक कानालाच कळतो.

गंमत अशी की शाळेने त्यांना 'फुलांमुलांचे कवी' केलं आणि चर्चने भजनकार. शाळेतल्या मुलांना 'क्षणोक्षणी पडे, उठे' ही जखमी पाखराची कविता पाठ, पण अभंगांचा पत्ता नाही. मंडळीत अभंग तोंडपाठ, पण 'वनवासी फूल' कुणी उघडत नाही. माझ्या मते ही वाटणीच चुकली. 'रानातील भूकमळे कशी वाढतात हे लक्षात आणा' हे येशूचं वचन गंभीरपणे घेतलेल्या माणसाने फुलांवर लिहिणं ही त्याची उपासनाच होती. त्यांच्या नगरच्या घरात बालकवी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, त्या घरात कुणाचं त्यावाचून अडलंही नाही.

आता शब्दाकडे. मराठी बायबलात प्रेषित पौलाचं वाक्य 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे. आक्षेप 'उपकार' वर. घराघरांत हा शब्द टोमण्याचा झाला आहे : 'उपकार केलेस का माझ्यावर?' त्यात नगरकडचा इतिहास. 1876-78 चा दुष्काळ, मग छप्पन्याचा (1899-1900). मिशनने धान्य दिलं, कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्याच काळात गावकुसाबाहेरच्या अनेकांनी धर्म बदलला. 'पोटासाठी बाटले' हा हिणकस शेरा त्यांच्या नातवंडांनीही ऐकला. अशा घरातल्या माणसाला 'उपकार' म्हटलं की देवाआधी धान्य मोजून देणारा साहेब आठवला, तर त्याला दोष कसा देणार?

आक्षेप समजतो, तरी मला तो अर्धाच पटतो. 'काय सांगों आतां संतांचे उपकार' म्हणणाऱ्या तुकारामाला कुणाचं मिंधेपण सांगायचं नव्हतं. 'मज निरंतर जागविती' हे त्याचं कारण. शिवाय 'कृतज्ञता' मनातल्या मनात वाटते. उपकारस्तुती करावी लागते, तोंडाने, चारचौघांत, आणि वचनाप्रमाणे 'सर्व स्थितीत', म्हणजे वाटत नसेल तेव्हाही. मूळ ग्रीक शब्दाचं दुसरं रूप म्हणजे 'युखारिस्त', प्रभूच्या भाकरीचा विधी. प्रॉटेस्टंटांनी त्याला 'प्रभुभोजन' म्हटलं, कॅथलिकांनी 'मिस्सा'. त्यातला आभाराचा अर्थ दोन्हीकडे झाकला गेला. तो उरला या एका जोडशब्दात.

टिळकांनाही साहेबी छत्र जड झालंच होतं. 1917 मध्ये मिशनमधून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार रुजायचा राहिला. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरंच होतं. त्याचे बहुतेक अध्याय नंतर लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या विधवेने नवऱ्याचं महाकाव्य पुढे नेलं. 1934 पासून त्यांच्या आत्मचरित्राचे, 'स्मृतिचित्रे'चे, भाग येऊ लागले. त्यात रडगाणं शोधूनही सापडत नाही.

निसर्गात उपासना पाहणारा टिळकांचा धागा अलीकडे वसईत दिसतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वाड्या आणि विहिरी बिल्डरांच्या नकाशावर आल्या, तेव्हा विरोधाला उभे राहिलेल्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020 मध्ये तेच उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी, 2015 मध्ये, रोमहून पोपचं पर्यावरणावर परिपत्रक आलं, 'लाउदातो सी'. त्याचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या गीतातून घेतलेलं, आणि त्या गीतात सूर्य भाऊ, पाणी बहीण.

नगरकडे पीक हाती आलं की हंगामाचा सण होतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी. उपासना आटोपली की अंगणात बोली लागते. भोपळा घेणारा तो पुन्हा मंडळीलाच देतो आणि त्याची बोली पुन्हा सुरू होते.